एसएमएस पाठवणारा कोड लिहायला घेण्यापूर्वी

माझ्या पहिल्या नोकरीत आलेले काम वरवर सोपे होते. एका दवाखान्याच्या रुग्णांना भेटीच्या आदल्या दिवशी मराठीतून आठवणीचा एसएमएस जायला हवा होता. ट्विलिओ, प्लिवो, एक्झोटेल यांसारख्या सेवांचे एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची सोय) उपलब्ध असल्याने क्रमांक आणि मजकूर देऊन एक विनंती पाठवली की काम संपले, अशी माझी समजूत होती, आणि चाचणीच्या खात्यावरून पहिला संदेश तासाभरात माझ्या फोनवर आलाही. त्या विनंतीच्या पलीकडे काय घडते हे समजायला मात्र पुढचे कित्येक आठवडे लागले. नवोदितांनी तेच आधी समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात मजकुराच्या लांबीपासून करा. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. साध्या इंग्रजी मजकुराची त्यात 160 अक्षरे बसतात, पण देवनागरीसाठी युनिकोड ही सर्व लिप्यांची संकेतपद्धत लागत असल्याने ती मर्यादा 70 वर येते. शिवाय ही मोजणी आपण वाचतो त्या अक्षरांची नसते. ‘क्षमस्व’ हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा, पण त्यातले दोन्ही हलन्त धरून मोजणीत सात चिन्हांचा भरतो. मर्यादा ओलांडली की संदेशाचे तुकडे होतात, ते पुन्हा जोडण्याच्या माहितीला जागा द्यावी लागल्याने प्रत्येक तुकड्यात 67 चिन्हेच मावतात, आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे लागतात. आमचा ‘आपली वैद्यकीय तपासणीची वेळ निश्चित करण्यात आली आहे’ हा प्रशस्त मजकूर ‘उद्या तपासणी’ इतका आटोपशीर झाला, तो याच हिशेबामुळे.

भारतात दुसरा टप्पा डीएलटी नोंदणीचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीत नाव घालण्याचा. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार संस्था, पाठवणाऱ्याचे हेडर (फोनवर दिसणारे नाव) आणि मजकुराचा साचा या तिन्हींची आधी नोंद करावी लागते. मार्च 2021 मध्ये साच्यांची काटेकोर तपासणी सुरू झाली, तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. म्हणून कोडमधला मजकूर कुणी परस्पर ‘सुधारू’ नये. मंजूर साच्याशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवला जातो.

सर्वांत मोठी चूक माझ्याच हातून झाली. एके संध्याकाळी एपीआयचे उत्तर वेळेत आले नाही, तेव्हा माझ्या कोडने तीच विनंती आणखी दोनदा पाठवली. पहिली विनंती खरे तर पोहोचलेली होती, त्यामुळे एका वयस्कर रुग्णाला एकाच भेटीचे तीन संदेश गेले आणि ते गोंधळून दवाखान्यात विचारायला आले. त्यानंतर मी प्रत्येक भेटीची नोंद संदेश पाठवण्याआधीच डेटाबेसमध्ये करू लागलो आणि उत्तर आले नाही, तर आंधळेपणाने पुन्हा न पाठवता आधी सेवेकडे त्या संदेशाची स्थिती विचारू लागलो.

स्थितीबाबतही सावध असावे. एपीआयने विनंती स्वीकारली म्हणजे संदेश हातात पडला असे नव्हे; पोहोच नंतर वेबहुकवर, म्हणजे सेवा स्वतःहून माहिती कळवते त्या आपल्या वेब पत्त्यावर, येते, कधी उशिरा, कधी उलट्या क्रमाने, तर कधी येतच नाही. आम्ही रात्री आठपर्यंत पोहोच न मिळालेल्या क्रमांकांची यादी काढत असू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वागतकक्षातल्या ताई ती समोर ठेवून एकेका रुग्णाला स्वतः फोन करीत.