मिशिगनची टीम मनाला लागलीय? मग देवगडातून सीझन असा काढा

सगळ्यात आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि पेन्सिल घ्या. पेनाने लिहू नका, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या बऱ्याच मॅचची वेळ बारा दिवस आधी, कधीकधी तर सहाच दिवस आधी ठरते. ऑगस्ट संपता संपता किंवा सप्टेंबर लागता लागता सुरू होऊन नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत बारा मॅच, मध्ये एखाददुसरा शनिवार रिकामा, हे सगळं मांडा आणि प्रत्येकाशेजारी आपली वेळ लिहा. तिकडे दुपारी बाराची असेल तर आपल्याकडे रात्री साडेनऊ, साडेतीनची असेल तर रात्री एक, संध्याकाळी साडेसातची असेल तर पहाटे पाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर मागे जातं, मग आपल्याकडे सगळं तासभर उशिरा. हे आधी सांगतेय कारण हरल्याचं अर्धं दुःख जागरणाचं असतं, हे मला इतक्या वर्षांत पक्कं कळलंय.

हे कोणासाठी लिहितेय, तर ज्यांच्या घरचं कोणीतरी अमेरिकेत कॉलेजला गेलं आणि इथे मागे राहिलेल्या माणसांचा तिथल्या फुटबॉलमध्ये जीव अडकला त्यांच्यासाठी. पायाने खेळायचा फुटबॉल नाही हं, हेल्मेटवाला. माझी भाची २०१५ च्या ऑगस्टात ॲन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीत गेली, आणि महिन्याभरात तिने स्टेडियममधून फोटो पाठवला. १,०७,६०१ माणसांचं स्टेडियम, सगळे पिवळ्या-निळ्यात. आमच्या कुणकेश्वरच्या जत्रेची गर्दी मी लहानपणापासून बघतेय, पण एवढी माणसं एका रंगात, एका गोष्टीकडे डोळे लावून बसलेली कधी बघितली नव्हती, आणि त्यात कुठेतरी आमची पोर एकटी उभी. तेव्हापासून ती टीम माझी झाली.

नियम फार शिकत बसू नका, सुरुवातीला एवढं पुरतं की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, टचडाउनचे सहा, त्यावर किक मारली की एक, फील्ड गोलचे तीन. बाकीचं बघता बघता येतं.

आता हे एवढं का लागतं ते समजून घ्या, म्हणजे आपल्याला काहीतरी झालंय असं वाटणार नाही. आयपीएलमध्ये टीम दोन महिन्यांत चौदा मॅच खेळते, आज हरलात तर तीन-चार दिवसांत दुसरी असते. इथे अख्ख्या वर्षात बाराच, आणि हरलं की पुढचा शनिवार येईपर्यंत तोच विषय डोक्यात. वर २०२३ पर्यंत सव्वाशेच्या वर टीम आणि प्लेऑफला घ्यायचे चारच, म्हणजे सप्टेंबरात एक मॅच घसरली तरी सीझनवर पाणी पडायची भीती असायची. २०२४ पासून बारा टीम घेतात त्यामुळे थोडा श्वास घेता येतो. ज्यांच्याकडे हापूसची कलमं आहेत त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही, वर्षातून एकदाच मोहोर आणि एका रात्रीत अवकाळी पाऊस येऊन गेला की सकाळी कलमांखाली जाऊन नुसतं बघत उभं राहायचं. मी त्याच सवयीने या टीमकडे बघते, म्हणून टिकलेय.

माझी पहिली मोठी हार १७ ऑक्टोबर २०१५ ची. मिशिगन स्टेट म्हणजे त्यांच्याच राज्यातली दुसरी टीम, आपल्याकडे रात्री एकला मॅच. तेव्हा आमच्याकडे फोनवर व्हिडिओ काही चालायचा नाही, नुसता स्कोअर रिफ्रेश करत बसायचं. परतीचा पाऊस पडत होता, घरातले सगळे झोपलेले, मी पडवीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली कारण तिथेच काय ती रेंज. २३–२१, आपण पुढे, दहा सेकंद शिल्लक. मी फोन ठेवून उठले, दार लावायला गेले, परत येऊन सहज बोट फिरवलं तर २७–२३. मला वाटलं ॲप चुकलं. चार वेळा रिफ्रेश केलं. सकाळी भाचीचा फोन आला तेव्हा कळलं की बॉल लांब किक मारून द्यायचा होता आणि त्या पोराच्या हातातून सुटला, समोरच्यांनी उचलून पळत नेला आणि वेळ संपली. ती सांगत होती की लाखभर माणसं होती आणि आवाजच नव्हता मावशी, माणसं हलेनात.

त्या पोराला लोकांनी सोशल मीडियावर नको नको ते लिहिलं. ऑस्ट्रेलियातून आलेला मुलगा तो. तेव्हापासून मी एक नियम केलाय आणि तुम्हीही करा, कमेंट वाचायच्या नाहीत आणि पोरांना नावं ठेवायची नाहीत. अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची मुलं आहेत ही, आपल्या भाचा-पुतण्यांच्या वयाची. कोचवर रागवा हवं तर, त्याला पगार त्याचाच आहे, पण पोरांवर नको.

हरल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात वाईट, त्यासाठी हाताला काम ठरवून ठेवा. मॅच पहाटे संपली असेल तर मी खळं झाडते, मग चुलीवर पाणी ठेवते, उकड्या तांदळाची पेज लावते. पेज ढवळत उभं राहिलं की मन आपोआप खाली बसतं. त्या तासात कोणाला फोन नको, आणि नवऱ्याशी तर अजिबात बोलायचं नाही कारण ते बिचारे "अगं खेळ आहे" असं म्हणणार आणि आपल्याला ते सहन होणार नाही. आमच्या सासूबाई मात्र एकच प्रश्न विचारतात, "तुझी पोरां हरली काय गो?" मी हो म्हणते, त्या चहाचा कप पुढे सरकवतात. घरात असं एक माणूस तयार करा ज्याला स्कोअरशी घेणंदेणं नाही पण आपल्याशी आहे.

रेफ्रीबद्दलही सांगून ठेवते. नोव्हेंबर २०१६, नोटाबंदीचा महिना, दिवसभर एटीएमच्या रांगेत उभं राहून आलेली आणि रात्री साडेदहाला ओहायो स्टेटची मॅच. ओहायो स्टेट म्हणजे आपला खरा वैरी, १८९७ पासूनचं भांडण आहे ते. दोन ओव्हरटाइम झाले, चौथ्या प्रयत्नाला त्यांचा क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) रेषेपर्यंत पोचला की इंचभर मागे राहिला यावर अजूनही वाद आहे, रेफ्री म्हणाले पोचला, पुढच्याच प्ले ला टचडाउन आणि ३०–२७ ने आपण हरलो. तो फोटो मी महिनाभर झूम करून बघितला असेन. नका करू. डोळ्यांना एकदा इंच दिसायला लागला की तो रात्री झोपू देत नाही. निर्णय बदलत नाही, फोटो डिलीट करून टाका.

आणि मग येतात ती लांबलचक वर्षं. २०१८ ला ६२–३९, २०१९ ला ५६–२७, दोन्ही ओहायोकडून, २०२० ला कोविडमध्ये सहाच मॅच झाल्या त्यातल्या चार हरलो. अशा काळात काय करायचं हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून सविस्तर सांगतेय. जिंकण्याची वाट बघणं सोडून द्या आणि एखादा खेळाडू धरा. तोही क्वार्टरबॅक नको, समोरच्या रांगेतला एखादा जाडजूड पोरगा ज्याचं नाव कोणी घेत नाही, त्याचा नंबर लक्षात ठेवा आणि बॉल कुठे गेला ते न बघता तो काय करतो तेच बघा. तो समोरच्याला दोन सेकंद जास्त थोपवतो म्हणून मागच्याला पळायला वाट मिळते. हे एकदा दिसायला लागलं की हरलेल्या मॅचमधूनही काहीतरी घेऊन उठता. मला तर या वाईट वर्षांतच खेळ समजला.

२७ नोव्हेंबर २०२१. तिकडे बर्फ पडत होता, इकडे मोहोराला लागते तशी थंडी नुकती सुरू झालेली. भाची तोपर्यंत नोकरीला लागली होती, ती व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर ठेवते, अजूनही आम्ही असंच बघतो. एक सूचना, असं बघत असाल तर स्कोअरचं नोटिफिकेशन बंद करा कारण ते व्हिडिओच्या आधी येतं आणि टचडाउन बघायच्या आधीच कळतं, सगळी मजा जाते. तर त्या रात्री ४२–२७. २०११ नंतर पहिल्यांदा ओहायोला हरवलं. माणसं मैदानात उतरली, पांढऱ्या बर्फावर पिवळं-निळं, आणि फोनच्या पलीकडून भाची नुसती हुंदके देत होती. रडण्याच्या आवाजाने सासूबाई उठून आल्या. "हरली?" म्हटलं जिंकली. "मगे रडतंस कित्या?"

आनंदालाही सांभाळावं लागतं. त्यानंतर महिनाभर मी तरंगत होते, आता ही टीम हरणारच नाही असं वाटायला लागलं होतं, आणि ३१ डिसेंबरला प्लेऑफमध्ये जॉर्जियाने ३४–११ ने उडवलं. आपल्याकडे ती १ जानेवारीची सकाळ. पुढच्या वर्षी पुन्हा ३१ डिसेंबर, समोर टीसीयू नावाची टीम, ५१–४५ ने हरलो, पुन्हा १ जानेवारीला मी सुजलेल्या डोळ्यांनी दारात आणि मुंबईहून आलेले पाहुणे हॅपी न्यू इयर करतायत. म्हणून टीम प्लेऑफला गेली तर १ तारखेला पाहुणे बोलवू नका, आणि मोठ्या विजयानंतर आठवडाभर मनसोक्त हसा, हायलाइट दहा वेळा बघा, पण पुढच्या मॅचला पहिल्यासारखंच भीत भीत बसा.

२ जानेवारी २०२४ ला पहाटे साडेतीनला रोझ बाउल, म्हणजे प्लेऑफची सेमीफायनल, समोर अलाबामा. आमच्याकडे दशावतार बघत उजाडेपर्यंत बसायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे मला जागायचं वाटत नाही, पण ओव्हरटाइम सुरू व्हायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. वायफाय गेलं. मोबाईल डेटावर येईपर्यंत आपण टचडाउन करून झालेलं, २७–२०, आणि त्यांचा शेवटचा प्रयत्न, तीन यार्डांवर. त्या एवढ्याशा स्क्रीनवर मला कळेना तो पोरगा आत गेला की नाही. भाचीच्या किंचाळण्यावरून कळलं की थांबवला. फोन चार्ज ठेवा, पॉवर बँक जवळ ठेवा, हे मी कळकळीने सांगतेय.

फायनल ९ तारखेला मंगळवारी सकाळी सहाला. त्या दिवशी तुडतुड्यांसाठी फवारणी ठरलेली, वारा सुटायच्या आत करावी लागते. मी ह्यांना स्वच्छ सांगितलं, आज नाही, बुधवारी. ते काही बोलले नाहीत, आत येऊन बाजूला बसले आणि पहिल्यांदाच अख्खी मॅच बघितली. असं मोकळेपणाने मागून घ्या, चोरून बघू नका, चोरून बघितलेली हार दुप्पट लागते. पहिल्याच क्वार्टरला दोन लांब टचडाउन, मग तिसऱ्या क्वार्टरपर्यंत समोरची वॉशिंग्टनची टीम सातच पॉइंट मागे चिकटून, माझे हात बर्फासारखे गार. शेवटी ३४–१३. नेहमीच्या बारा आणि पुढच्या तीन धरून पंधरापैकी पंधरा जिंकल्या. सासूबाईंनी स्वतः उठून शिरा केला, केळं घालून, आणि पहिली वाटी देवाकडे ठेवली.

त्याच महिन्यात कोच जिम हार्बो एनएफएलमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये गेले, क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी आणि बॉल घेऊन पळणारा ब्लेक कोरमही पाठोपाठ गेले. याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. ही मुलं तीन-चार वर्षांचीच सोबती, आता तर ट्रान्सफर पोर्टलमधून त्याच्याही आधी दुसऱ्या कॉलेजला जातात. आपल्या गावातली पोरं बारावी झाली की मुंबई धरतात, आपण एसटीपर्यंत सोडायला जातो आणि पुन्हा चतुर्थीची वाट बघतो, तसंच त्यांना जाऊ द्यायचं. मी गेलेल्या प्रत्येकाचा नंबर वहीत लिहून ठेवते.

शेवटचं म्हणजे वैऱ्याकडचं एक माणूस ओळखीचं ठेवा. मालवणचे एक रिटायर झालेले सर आहेत, मुलगा कोलंबसला शिकला म्हणून ते ओहायोचे. आमचं ठरलेलं आहे, मॅचच्या दिवशी सकाळी एक मेसेज, मग शांतता, आणि जो हरेल त्याने आधी लिहायचं. ३० नोव्हेंबर २०२४ ला आपण १३–१० ने जिंकलो, त्यांच्याच मैदानात, आपली टीम त्या वर्षी अगदी साधारण असताना. रात्री दोन वाजून गेल्यावर मेसेज आला, "ताई, अभिनंदन. झोपतो आता." आणि मग त्याच ओहायोने २१ जानेवारीला सकाळी नोत्र दामला ३४–२३ हरवून फायनल जिंकली. माझी पाळी नव्हती खरं तर, आपली मॅच नव्हतीच ती, तरी बरोबर दिसणार नाही म्हणून संध्याकाळी चारला धीर करून फोन लावला. सर खूप खूश होते, मुलाचं सांगितलं, सूनबाईंचं सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता आवाज खाली करून म्हणाले, "ताई, पण ते तेरा-दहा अजून टोचतंय हो."