लॅनच्या वायरीवरून कॅमेऱ्याचं चित्र डीव्हीआरपर्यंत कसं न्यावं

आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटवरचा कॅमेरा दिवसभर स्वच्छ दिसायचा आणि अंधार पडला की बंद-चालू व्हायचा. दोनदा कॅमेरा बदलला. दोष वायरिंगमध्ये निघाला, आणि ते वायरिंग मीच केलं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट तपासा. कॅमेरा आयपी, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणारा, असेल तर यातलं काहीच लागत नाही, वायर सरळ नेटवर्कच्या स्विचमध्ये जाते. हा खटाटोप डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या पेटीला) बीएनसीने, म्हणजे फिरवून बसणाऱ्या गोल जोडाने, जोडायच्या कॅमेऱ्यांसाठी आहे.

सामान थोडंच: कॅट-५ई किंवा कॅट-६ वायर (लॅनची वायर, आत पिळलेल्या तारांच्या चार जोड्या) आणि प्रत्येक कॅमेऱ्यामागे दोन व्हिडिओ बलून (बीएनसी आणि तारांची जोडी यांना जोडणारा छोटा जोड), एक कॅमेऱ्याकडे, एक डीव्हीआरकडे. कॅमेरा एचडी असेल तर बलूनही एचडीचाच मागा. अशा कॅमेऱ्यांची नेहमीची कोॲक्सियल केबल ७५ ओहमची आणि पीळदार जोडी १०० ओहमची. हा मेळ बलून घालतो. वायर अस्सल तांब्याची घ्या. 'सीसीए' म्हणजे वरून तांबं, आत ॲल्युमिनियम. स्वस्त पडते, पण पुढे महागात जाते.

आता ओढणी. २३० व्होल्टच्या वायरींपासून फूटभर अंतर ठेवा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

चित्रासाठी एकच जोडी पुरते. मी निळी आणि तिची पांढरी-निळी घेतो. निळी एका जोडीतली आणि हिरवी दुसऱ्या जोडीतली, असं कधीही करू नका. बाहेरचा विजेचा गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो, बलून फक्त दोघींतला फरक पुढे पाठवतो, म्हणून गोंगाट गळून पडतो. जोड्या फोडल्या की हे गणित संपलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे मात्र नुसतं सोलतानाच तो जातो, म्हणून टोकाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका. निळी दोन्हीकडे बलूनच्या 'प्लस'मध्येच जाऊ द्या. एका बाजूला उलट झाली तर चित्र विचित्र दिसतं किंवा येतच नाही.

राहिल्या तीन जोड्यांवरून १२ व्होल्ट नेता येतात, आणि माझी चूक इथेच झाली. मी एकाच जोडीवर काम भागवलं होतं. अशा वायरीच्या एका तारेचा रोध १०० मीटरला साधारण ९ ओहम. गेट ६० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर, जवळपास ११ ओहम. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो ०.४ अँपिअर ओढायचा. वाटेतच सव्वाचार व्होल्ट खर्च, कॅमेऱ्याला उरले पावणेआठ. तो बिचारा दर मिनिटाला उठायचा आणि पुन्हा पडायचा. उपाय सोपा: तिन्ही रंगीत तारा एकत्र करून प्लस, तिन्ही पांढऱ्या एकत्र करून मायनस. गळती दीड व्होल्टच्या आत येते. अंतर याहून बरंच जास्त असेल तर वायरीचा हट्ट सोडा आणि ॲडॅप्टर कॅमेऱ्याजवळच लावा.

भिंतीला भोक पाडण्याआधी वायरीचं अख्खं बंडल न उलगडता टेबलावर सगळं जोडून बघा. कॅमेऱ्याची काच आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर काळ्या कापडाने झाका, म्हणजे रात्रीचे दिवे लागतील, आणि तेव्हाच कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा. दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

चित्रात आडवे पट्टे सावकाश वर सरकत असतील तर दोन टोकांचं अर्थिंग एकमेकांशी भांडतंय. कॅमेऱ्याचा धातूचा भाग लोखंडी खांबाला टेकतोय का ते पाहा, मध्ये रबराचा तुकडा घाला. तरीही पट्टे राहिले तर ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन अर्थिंगमधला संबंध तोडणारा जोड) लावा.