आई-बाबांना मांडूला नेऊन एकमेकांच्या जिवावर कसं उठवायचं: फोनवरची डार्क कॉमेडी

इंदूरला पाऊस पडला की तिसऱ्या वाक्याला मांडूला (डोंगरावरचा मांडवगड) जायचं ठरतं आणि चौथ्या वाक्याला भांडण होतं. आम्ही मागच्या श्रावणात त्या भांडणाचीच शॉर्ट फिल्म केली, 12 मिनिटांची, एक फोन, एक मित्र साउंडला आणि कलाकार म्हणजे आमचे आई-बाबा, कारण फुकट. गोष्ट एवढीच की लग्नाच्या 25व्या वाढदिवसाला मुलं दोघांना मांडूला पाठवतात आणि दोघांच्याही डोक्यात दुसऱ्याला परत आणायचं नाही असं असतं. चुका जवळपास सगळ्या करून झाल्यात, तुम्ही करणार असाल तर वाचा.

सगळ्यात आधी, खून लिहायला बसू नका, भांडण लिहा. खून कोणालाही सुचतो हो. एसी चालू की खिडकी उघडी, धारवरून आलो ते चुकलं का, शेवेचं पाकीट घरी कोण विसरलं, हे 3 पानं नीट जमलं की खून आपोआप येतो. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात, म्हणजे 12 पानांच्या वर गेलात की कापा. पात्रांना नावं देऊ नका, तो "अहो" आणि ती "अगं", बास.

दोघांचाही एकच प्लॅन ही आयडिया काही माझी नाही, 2021 चा नॉर्वेचा सिनेमा 'द ट्रिप' त्यावरच आहे. त्याचं मूळ नॉर्वेजियन नाव तिकडच्या लग्नातल्या शपथेवरून आलंय, चांगल्या-वाईट दिवसांत साथ देईन वगैरे, त्यातले फक्त 'वाईट दिवस' उचललेत. आपल्याकडे नातिचरामि म्हणतात, तसंच. यातली गंमत अशी की दोघांचंही प्रेक्षकाला माहीत असतं, फक्त त्या दोघांना एकमेकांचं माहीत नसतं. सस्पेन्सवाला दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं सांगायचा ना, अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो, पण आधीच दाखवून ठेवला तर 15 मिनिटं जीव मुठीत धरून बसतो.

आमचा बॉम्ब होता जिरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरवायच्या इंदुरी मसाल्याची डबी. छोटी स्टीलची, झाकणावर आईने लाल नेलपॉलिशने बारीक फुली मारलेली, पहिल्याच मिनिटाला क्लोजअप. आत काय ते सांगितलंच नाही, गरज नाही. मग ढाब्यावर पोहे येतात, आई डबी पुढे सरकवते आणि बाबा म्हणतात, आज नको गं, ॲसिडिटी झालीये. आता आईला काळजीने आग्रह करावा लागतो, "अहो, जिरावनशिवाय पोहे खाताय, इंदूरचं नाव घालवाल." बाबा चिमूट उचलतात, ठेवतात, शेजारच्या टेबलवरचा माणूस म्हणतो भिया जरा इधर देना, आणि आईचा चेहरा. हा सीन 2 मिनिटं चालला आणि त्यात कोणी मरत नाही. सगळ्यात जास्त हसू इथेच आलं.

ॲक्टिंगचा नियम एकच, कोणीही विनोदी व्हायचं नाही. बाबा 30 वर्षं हौशी मराठी नाटकात, त्यामुळे "मीठ दे" हे पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणतात. फोन तोंडापासून 2 फुटांवर असतो त्यांना काय सांगणार. शेवटी त्यांना खरंच पेपर वाचायला दिला आणि वाचता वाचता डायलॉग म्हणा म्हटलं, तेव्हा आवाज खाली आला. तुमच्याकडे पण कोणी नाटकवाले असतील (इंदूरच्या मराठी घरात एक तरी असतोच) तर हातात काहीतरी काम द्या, भाजी निवडणं, घड्याळाला किल्ली देणं, काहीही.

लोकेशन. मांडू इंदूरहून 100 किलोमीटरच्या आसपास, सकाळी 5 ला निघालात तर धुकं मिळतं. पण जहाज महाल, रूपमतीचा महाल हे सगळं पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉड लावून फिल्म शूट करायचं तर आधी परवानगी काढावी लागते, गार्डशी मचमच करून काही होत नाही. आम्ही सरळ आत एकही शॉट घेतला नाही. रस्त्याकडेला गोरखचिंचेची ती फुगलेल्या बुंध्याची झाडं आहेत ना, एक माणूस त्याच्यामागे आख्खा लपतो, पाठलाग तिथेच केला. आणि दाईच्या महालाजवळचा इको पॉइंट सोडू नका. आई तिथून "अहोऽऽ" ओरडली आणि समोरून "हो… हो…" परत आलं. स्क्रिप्टमध्ये नव्हतं हे. आई वळून म्हणाली, 25 वर्षांत पहिल्यांदा होकार आला, आणि तोच टेक ठेवला.

दरीवरून ढकलायचा शॉट खऱ्या दरीवर घेऊ नका, प्लीज. इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याचा तर विचारच नको, 2011 च्या जुलैत अचानक लोंढा आला आणि लोकांच्या डोळ्यांदेखत माणसं वाहून गेली तिथे. आम्ही रस्त्यावरून नुसत्या दरीचा आणि धुक्याचा वाइड शॉट घेतला, बाकी सगळं राजेंद्रनगरच्या आमच्या गच्चीवर, फोन जमिनीवर ठेवून वर बघणारा अँगल, मागे फक्त ढगाळ आभाळ. मधे एक चप्पल खाली पडताना दाखवली. कोणाला कळलं नाही, काकूंनी तर बाबांना फोन करून झापलं की या वयात कठड्यावर काय चढता.

फोनचं पटकन सांगतो. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झ, नाहीतर ढाब्याची ट्यूबलाइट फडफडते. एक्स्पोजर लॉक करा, ढग आला गेला की चेहरा काळा-गोरा होत राहतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, आमच्या सगळ्यात चांगल्या टेकमध्ये मावशीचा कॉल आलाय. पैसे खर्च करायचेच तर कॉलरच्या माइकवर करा, त्याला फोमची टोपी घाला, मांडूचा वारा फार वाईट. आणि प्रत्येक जागी सगळ्यांनी गप्प बसून 30 सेकंद नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करायचा, एडिटला दोन डायलॉगमधली भगदाडं त्यानेच बुजतात.

रक्त: साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी, नाहीतर ते रूह अफजा दिसतं. 1960 च्या 'सायको'त चॉकलेट सिरप वापरलं होतं पण ती ब्लॅक अँड व्हाइट. पाकाला 10 मिनिटांत मुंग्या लागतात, म्हणून तो शॉट आधी उरका. चादर घरून न्या. आम्ही लॉजचीच वापरली, पहाटे रूमबॉय चहा घेऊन आला, ट्रे खाली आणि तो बाहेर, त्यानंतरचा अर्धा तास मालकाला बाबा जिवंत आहेत हे पटवण्यात गेला, बाबांना समोर उभं करून. चादरीचे पैसे वेगळे. तेव्हा लॉजवाल्याला आधी सांगा आणि चाकू-बिकू दिसणार असेल तर ठाण्यात पण कळवून ठेवा.

एक गोष्ट मात्र मी सिरियसली सांगतो. गावातल्या कुठल्या खऱ्या केसवरून गोष्ट उचलू नका. इंदूरकरांना वेगळं सांगायला नको, अशा केसमधली घरं इथेच आहेत, त्यांच्या गल्लीतून आपण रोज जातो. जिरावनच्या डबीवर माणूस हसतो कारण ती कोणाचीच नाही.

एडिटमध्ये प्रत्येक जोकनंतर चेहरा 2 सेकंद जास्त ठेवा आणि म्युझिक काढून टाका, टुंग टुंग विनोदी म्युझिक तर अजिबात नको.

डबी अजून आमच्या किचनमध्ये आहे. आईने घासून त्यात परत जिरावनच भरलंय, फुली काही निघाली नाही. बाबा हल्ली पोहे नुसत्या शेवेबरोबर खातात.