कुत्रा चावला तर: आधी नळ, मग लस, आणि सिरम विसरू नका

कुत्रा चावल्यावर पहिली १५ मिनिटं नळाखाली घालवा, दवाखान्याची धावपळ त्यानंतर. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि काही काळ तिथल्याच मांसात राहतो. तिथून तो मज्जातंतूत शिरला की तंतूच्याच वाटेने मेंदूकडे सरकतो, आणि एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. त्यामुळे अंगाचा, कपड्यांचा, हाताला लागेल तो साबण चालतो.

घड्याळ लावून धुवा. नळाला पाणी नसेल तर कोणालातरी तांब्याने धार धरायला सांगा. बादलीत हात बुडवून ठेवण्याचा उपयोग नाही, पाणी वाहतं हवं. दाताची खोल भोकं असतील तर धार थेट भोकात जाईल अशी धरा. ब्रशने किंवा दगडाने घासू नका, कातडी आणखी फाटते. धुऊन झालं की बीटाडीन लावा आणि जखम उघडी ठेवा. रक्त थांबतच नसेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि निघा. हळद, चुना, तिखट, मिश्री, रॉकेल यातलं काहीही नको: विषाणूवर त्याचा भरवसा नाही, जखम मात्र चिघळते. चावून बरेच तास उलटले असतील, तरीही धुवा.

टाके घालण्याची घाई डॉक्टरांनीही करू नये. सुईने विषाणू आणखी आत ढकलला जातो. चेहरा फाटला असेल आणि टाके टाळता येत नसतील, तर आधी जखमेत सिरम (रेबीजच्या विषाणूला अडवणारं तयार प्रतिपिंडांचं औषध), मग काही तास थांबून मोजके, सैल टाके.

जखम कोणत्या वर्गाची?

दवाखान्यात सगळं या एका प्रश्नावर ठरतं. कुत्र्याला हात लावला, खाऊ घातलं, धड कातडीवर त्याने चाटलं, तर पहिला वर्ग. उपचार लागत नाही. उघड्या कातडीला दात नुसते लागले, रक्त न येता बारीक ओरखडा उठला, तर दुसरा वर्ग. जखम धुणं आणि लस. दात किंवा नख कातडीच्या आरपार गेलं, रक्ताचा एक ठिपका जरी आला, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर तिसरा वर्ग. जखम धुणं, लस आणि सिरम, तिन्ही.

चूक होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या सीमेवर. पँटवरून चावलं म्हणून ‘दात लागला नाही’ असं गृहीत धरलं जातं. पँट काढून उजेडात बघा. साबण किंवा स्पिरिट लावल्यावर झोंबलं, तर कातडी फुटलेली आहे. लहान मुलांचं संपूर्ण अंग, केसांतलं डोकं आणि कानामागची जागासुद्धा तपासा. ओरडा बसेल म्हणून मुलं चावल्याचं सांगत नाहीत, आणि उंची कमी असल्यामुळे त्यांना चावा बऱ्याचदा तोंडावर किंवा मानेवर बसतो. तिथून मेंदू जवळ, म्हणजे वेळही कमी.

सिरम: जिथे सगळ्यात जास्त हलगर्जी होते

दंडातली लस घेतल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, बनवायला साधारण ७ ते १४ दिवस घेतं. तेवढ्या दिवसांत जखमेतल्या विषाणूला अडवायला तयार प्रतिपिंडं लागतात, ती सिरममधून मिळतात. म्हणूनच ते जखमेत आणि जखमेच्या कडेने द्यायचं असतं. चावा पोटरीला आणि सिरम दंडात, असं झालं तर मुख्य काम राहूनच गेलं. दुखतं, हे खरं. रुग्ण ओरडतो म्हणून सिरम दुसरीकडे टोचून मोकळं होणं, किंवा पाच जखमांपैकी मोठ्या दोनच भरणं, हे सहन करू नका. प्रत्येक भोक, प्रत्येक ओरखडा स्वतः दाखवा.

मात्रा वजनावर ठरते. घोड्यापासून बनवलेलं सिरम किलोला ४० युनिट, मानवी रक्तापासून बनवलेलं किलोला २० युनिट. समजा १२ किलोचं मूल आहे आणि घोड्याचं सिरम मिलिलीटरला ३०० युनिटचं आहे: १२ गुणिले ४०, म्हणजे ४८० युनिट, म्हणजे १.६ मिली. जखमा जास्त आणि औषध कमी पडत असेल, तर मात्रा वाढवायची नाही. सलाइन मिसळून ते दुप्पट-तिप्पट करायचं आणि सगळ्या जखमांत पोचवायचं. बोटात मात्र जपून, थोडंथोडं. तिथे दाब वाढला तर रक्तपुरवठा अडतो. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल अँटीबॉडीचं, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही आता मिळतं. त्याची मात्रा किलोला ३.३३ युनिट, बाकी पद्धत तीच. घोड्याच्या सिरमनंतर किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबा, क्वचित कोणाला ॲलर्जी होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते, पण सिरमसाठी बऱ्याचदा ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. लसीचा पहिला डोस केंद्रातच घ्या आणि त्याच दिवशी सिरमसाठी पुढे जा. त्या दिवशी जमलंच नाही, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं. त्यानंतर नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागतात आणि सिरम त्यात अडथळा आणतं.

लसीच्या तारखा

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांत ०.१ मिली. टोचल्यावर कातडीवर छोटा फुगवटा उठला पाहिजे. औषध आत उतरून गेलं आणि फुगवटा आलाच नाही, तर ती मात्रा शेजारी पुन्हा द्यायला सांगा. खासगीत बहुतेक स्नायूत देतात: ०, ३, ७, १४, २८. ती दंडात, दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीच्या पुढच्या बाहेरच्या बाजूला, कमरेखाली मागे कधीच नाही. तिथल्या चरबीत लस वाया जाते.

शून्यावा दिवस म्हणजे पहिल्या डोसचा दिवस, चावल्याचा नव्हे. पहिला डोस १ जूनला असेल तर पुढचे ४, ८ आणि २९ जूनला. एखादी तारीख हुकली तर राहिलेला डोस लगेच घ्या आणि तिथून पुढे चला. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. लसीची कंपनी बदलली तरी चालतं. खाण्यापिण्याचं पथ्य नाही, आंघोळही बंद नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही लस आणि सिरम दोन्ही देतात. स्टेरॉइड किंवा क्लोरोक्विन चालू असेल, एचआयव्ही असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर आधीच सांगा; लसीचा असर कमी पडू शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गरज असल्यास अँटिबायोटिक वेगळं.

पोटात १४ इंजेक्शनांच्या भीतीने अजूनही काही जण दवाखाना टाळतात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती; भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं.

महिना, दोन महिने होऊन गेले आणि काहीच घेतलं नसेल, तरीही आज जा. लक्षणं बहुधा १ ते ३ महिन्यांत येतात, पण कधीकधी वर्षानंतरही. उशिरा आलेल्यालाही ताज्या चाव्यासारखेच उपचार करतात, तिसऱ्या वर्गाला सिरमसकट.

कुत्र्याचं काय?

त्याला मारू नका, दहा दिवस नजर ठेवा. लाळेत विषाणू आला असेल तर कुत्रा एवढ्या दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. गल्लीतला असेल तर त्याला रोज पोळी घालणाऱ्याला विचारा, तो कुठे झोपतो हे त्यालाच माहीत असतं. पण दहा दिवस वाट बघून मग लस, असं नाही: डोस सुरूच करायचे. कुत्रा दहा दिवसांनी धडधाकट असेल, तर उरलेल्या डोसांचं डॉक्टर ठरवतील. हा नियम कुत्रा आणि मांजरापुरताच. माकड, मुंगूस, कोल्हा चावला तर पूर्ण कोर्स.

‘आमच्या टॉमीला इंजेक्शन दिलंय’ यावरही थांबू नका. डिवचलं म्हणून चावला, पिल्लूच होतं, याने उपचारात काही बदलत नाही. घरातला उंदीर चावला तर मात्र रेबीजची लस सहसा लागत नाही.

शेवटचा डोस झाल्यावर लसीचं कार्ड फेकू नका, मोबाइलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा. पूर्ण कोर्सचा पुरावा असेल तर पुढच्या वेळी कुत्रा चावल्यावर जखम धुऊन ० आणि ३ या दोनच दिवशी लस घ्यावी लागते, आणि सिरम लागत नाही.