न्यूरोसायन्ससाठी युनिव्हर्सिटी निवडताय? आधी टाइमटेबल मागा

डिग्रीवर न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेचा अभ्यास, लिहिलंय म्हणजे सगळीकडे एकच शिकवतात असं समजू नका. कुठे हा कोर्स सायकॉलॉजी डिपार्टमेंटकडे असतो, तिथे वर्तन, स्मृती आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं होतं, कुठे बायोलॉजीकडे, तिथे सेल आणि जीन्स. दोन्ही चांगलंच, पण आपला ओढा कुठे आहे ते आधी ओळखा.

आता मी फसले कुठे ते सविस्तर सांगते. मला न्यूरॉनमधली, म्हणजे मेंदूच्या पेशीतली, वीज मोजायची होती, म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजी. कॅटलॉगमध्ये त्याचा लॅब कोर्स होता, कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सही होतं, म्हणजे मेंदूचं काम गणिताने आणि कॉम्प्युटरवर समजून घेणं, यादी बघूनच हुरळले आणि अ‍ॅडमिशन घेतली. तिसऱ्या वर्षी रजिस्ट्रेशनला बसले तेव्हा कळलं की लॅब कोर्स एक वर्षाआड होतो, जागा बारा, त्याही आधी शेवटच्या वर्षाला. माझं शेवटचं वर्ष आलं ते नेमकं कोर्स नसलेलं. कॉम्प्युटेशनलसाठी डिफरन्शियल इक्वेशन्स हवं, त्याच्याआधी कॅल्क्युलसचे दोन कोर्स, आणि माझ्या डिग्रीत कंपल्सरी एकच. म्हणजे पहिल्याच वर्षी गणित पुढे घेतलं नाही तेव्हाच तो रस्ता बंद झाला होता, मला कळलं अडीच वर्षांनी.

कॅटलॉगमध्ये कोर्स असणं वेगळं आणि तो खरंच चालणं वेगळं, प्लीज हे डोक्यात पक्कं बसवा. मागच्या चार सेमिस्टरचं टाइमटेबल मागा, कुठला कोर्स झाला, कोणी शिकवला, किती जागा होत्या ते बघा. मग हवा असलेला कोर्स कागदावर लिहून त्याच्याआधी काय लागतं, त्याच्याही आधी काय, असं मागे मागे पहिल्या सेमिस्टरपर्यंत या. अर्ध्या तासाचं काम आहे, मी ते केलं नाही.

याची किंमत एका लॅबच्या इंटरव्ह्यूत कळली. तिथल्या पीएचडी करणाऱ्या ताईने बोर्डवर हॉजकिन-हक्स्लीचं समीकरण लिहिलं आणि मार्कर माझ्या हातात देऊन विचारलं, इथे एम क्यूब गुणिले एच का आहे? न्यूरॉनमध्ये विजेचा सिग्नल कसा तयार होतो ते सांगणारं 1952 चं मॉडेल, स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवरचं, म्हणजे जायंट अ‍ॅक्सॉनवरचं, परीक्षेत मी त्यावर पानंच्या पानं लिहिलेली. पण एम म्हणजे सोडियम चॅनेल (सोडियम पेशीत शिरण्याची वाट) उघडण्याचा भाग आणि एच म्हणजे तो निष्क्रिय होण्याचा, एवढंही समीकरणात बघून सांगता येईना. मी मार्कर धरून नुसती उभी.

रँकिंगचं म्हणाल तर त्यात रिसर्च पेपर्सचं वजन मोठं असतं, बीएस्सीच्या मुलाला लॅबमध्ये हात लावू देतात का हे त्यातून कळत नाही. आणि मोठ्या नावाच्या प्रोफेसरमागे धावू नका, हे माझं ठाम मत आहे. तुम्हाला शिकवणार पोस्टडॉक (पीएचडी संपवून तिथे रिसर्च करणारे) नाहीतर पीएचडीचे विद्यार्थी, म्हणून छोटी लॅब बघा जिथे सर स्वतः बेंचवर प्रयोग करताना सापडतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सरळ मेसेज करून विचारा, लॅबमध्ये पहिल्यांदा कधी शिरलात आणि काय करायला दिलं.

अ‍ॅडमिशन आधीच झाली असेल तर घाबरू नका, खरंच. मास्टर्सला फिजिक्स, इंजिनिअरिंगमधूनही लोक येतात, राहिलेलं गणित सुट्टीत भरून काढता येतं, पायथन प्रोग्रामिंग घरी बसून जमतं. मी तेच केलं आणि दीड वर्षाने त्याच ताईकडे परत गेले. आधी तीन महिने फक्त ब्रेन स्लाइस (मेंदूचे पातळ काप) कापल्या, रिगवर, म्हणजे वीज मोजायच्या उपकरणांवर, नंतर बसवलं.