ग्रीक-लॅटिन ग्रंथ अनुवादातून वाचायचे तर

इंग्रजी अनुवाद घेण्याआधी पाहायचं ते हे: अनुवाद कोणाचा, कोणत्या सालचा, पद्यात की गद्यात, आणि मूळ ओळींचे आकडे दिलेत का. छपाईच्या सालावर जाऊ नका. नव्याकोऱ्या पुस्तकात शंभर वर्षांपूर्वीचा अनुवाद निघतो. इंटरनेटवर फुकट मिळणारे बहुतेक अनुवाद असेच जुने. होमर या ग्रीक कवीच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या सॅम्युएल बटलर यांनी १९०० साली केलेल्या अनुवादात झ्यूसचा जोव्ह, अथीनाची मिनर्व्हा आणि ओडिसियसचा युलिसिस झालाय. काव्य ग्रीक, नावं रोमन! सोबत दुसरा अनुवाद असेल तर गोंधळ ठरलेला.

निवड करताना एकच उतारा दोन-तीन अनुवादांत वाचून बघा. होमरच्याच ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याचा सहावा सर्ग, ४६६ व्या ओळीपासूनचा भाग त्यासाठी उत्तम. ट्रॉयचा योद्धा हेक्टर तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो; शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून मूल रडत दाईला बिलगतं; आईबाप हसतात आणि हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. अनुवादकांपैकी लॅटिमोर (१९५१) मूळच्या ओळीला धरून चालतात, म्हणून वाक्यं लांबतात. फेगल्स (१९९०) यांच्यात नाट्य जास्त. एमिली विल्सन (२०२३) यांची भाषा आजची, पण छंदात बसवलेली. वाचताना जिथे मागे वळावं लागलं नाही, तो अनुवाद तुमचा.

लोब ग्रंथमालेत डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी असतं. ग्रीकला हिरवी बांधणी, लॅटिनला लाल. मूळ भाषा शिकायची नसेल तर पहिल्या वाचनाला या मालेची गरज नाही.

आता वाचन. ‘इलियड’चे २४ सर्ग, सुमारे १५,७०० ओळी, एका बैठकीत एक सर्ग पुरे. अकियन, आर्गाइव्ह आणि डॅनाअन हे तिन्ही शब्द ग्रीक सैन्यासाठीच येतात, हे आधीच टिपून ठेवा. बरेच जण दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीपाशी पुस्तक मिटतात. ती ४९४ ते ७५९ या ओळींत आहे. सरळ ओलांडा, कथा कुठेही तुटत नाही. प्रस्तावनेत शेवट फोडलेला असतो, म्हणून ती नंतर. नकाशा आणि नामसूची मात्र आधी. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तर नकाशाशिवाय हातात घेऊच नका.

संदर्भ देताना पानाचा आकडा कुचकामी, कारण तो आवृत्तीगणिक बदलतो. होमरसाठी सर्ग आणि ओळ द्या. काही पद्यानुवादांत समासातले आकडे अनुवादाच्या ओळींचे असतात आणि मूळ ओळी पानाच्या माथ्यावर छापतात, तेवढं तपासा. तत्त्वज्ञ प्लेटोसाठी स्टेफानस या मुद्रकाच्या १५७८ च्या आवृत्तीतले पान-आकडे सगळीकडे चालतात: ‘रिपब्लिक’मधला गुहेचा दृष्टांत ५१४ए पासून, मग अनुवाद कोणताही असो.

ग्रीक कवयित्री सॅफोच्या कवितांत चौकटी कंस दिसले तर ती छपाईची चूक नव्हे. तिथे पपायरस (ज्यावर मूळ लिहिलं तो प्राचीन कागद) फाटलेला आहे. कंस न देता ओळी सलग करणाऱ्या आवृत्तीत काय सापडलं आणि काय अनुवादकाने भरलं, हे कळायला मार्ग उरत नाही; ती टाळा.