एनआयआर कॅलिब्रेशनची तयारी: आधी दाण्याचं तापमान

एनआयआर म्हणजे दाण्यावर जवळचा इन्फ्रारेड प्रकाश टाकून ओलावा मोजणारं मशीन. त्याचे स्कॅन ओव्हनच्या आकड्यांशी जुळवून मॉडेल बनवायचं, ते कॅलिब्रेशन. सोयाबीनच्या मॉइश्चरचं, म्हणजे ओलाव्याचं, पहिलं कॅलिब्रेशन मी डिसेंबरात एसी लॅबमध्ये बसून केलं. आकडे सुरेख जुळले. पुढच्या ऑक्टोबरात अंगणात वाळवून थेट आणलेला गरम माल आला, मशीनने ओलावा 12.6 टक्के दाखवला आणि 12 च्या वर गेला म्हणून शेतकऱ्याचे पैसे कापले गेले. ओव्हनमध्ये वाळवून काढलेलं खरं उत्तर तीन दिवसांनी आलं: 11.4. ते पैसे माझ्या चुकीमुळे गेले. म्हणून ही तयारी लिहून ठेवते आहे.

दिवा तापू द्या, रेफरन्स (तुलनेसाठीचा स्कॅन) घ्या, कप पुसा. हे सगळ्यांना माहीत आहे.

आता थर्मामीटर. दाण्यात खुपसता येईल असा, प्रोबवाला. इन्फ्रारेड गन नको, ती नुसता वरचा थर वाचते. माझ्या मशीनच्या स्क्रीनवर एक तापमान दिसायचं, ते मी वहीत उतरवत गेले. ते मशीनच्या पोटातलं होतं, दाण्याचं नव्हे! खोलीचंही चालत नाही. प्रत्येक स्कॅनपुढे दाण्याचं तापमान लिहा.

पाणी तेवढंच असलं तरी ते तापलं की त्यातले हायड्रोजन बंध सैल होतात. मग 1450 आणि 1940 नॅनोमीटरजवळचे, पाणी प्रकाश शोषतं ते पट्टे कमी तरंगलांबीकडे सरकतात, त्यांचा आकारही बदलतो. एसएनव्ही किंवा डेरिव्हेटिव्ह अशी स्पेक्ट्रम सावरणारी गणितं लावून हे जाईल या भरवशावर राहू नका. बेसलाइन (स्पेक्ट्रमची पायाची पातळी) सावरेल, सरकलेला पट्टा मागे येणार नाही.

नमुने निवडताना ओला, मध्यम, सुका असा प्रत्येक माल 10, 25 आणि 40 अंशांवर स्कॅन करा. प्रत्येक माल, तिन्ही तापमानांना. गरम नमुने सगळे सुकेच निघाले तर मॉडेल उष्णतेलाच कोरडेपणा समजून बसेल, आणि व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे मॉडेलच्या चाचणीत, ते दिसणारही नाही. फ्रीजमधली पिशवी उघडून कप भरू नका, दमट हवेतलं पाणी गार दाण्यावर धरतं. झाकणबंद कप भरूनच गार करा, आतपर्यंत गार व्हायला वेळ द्या, स्कॅनआधी काच पुसा. स्कॅन झाल्या झाल्या झाकण काढून प्रोब खुपसा आणि आकडा लिहा. स्कॅनच्या आधी आणि नंतर कपाचं वजन करा. घटलं असेल तर पाणी उडालंय, तो नमुना बाद. ओव्हनसाठीचे दाणे त्याच मालातले, अख्खे, 103 अंशांवर 72 तास. घाई करून 48 तासांत काढू नका.

पीएलएसमध्ये (स्पेक्ट्रमवरून ओलावा काढणाऱ्या गणिती पद्धतीत) एखाददुसरा फॅक्टर वाढेल, वाढू द्या. एका मालाचे तिन्ही स्कॅन एकाच गटात ठेवा, मॉडेल बनवायच्या किंवा तपासायच्या, नाहीतर व्हॅलिडेशन फसवं निघतं. ईपीओ (स्पेक्ट्रममधला तापमानाचा परिणाम गणिताने काढून टाकणं) हाही मार्ग आहे, 2003 साली रोजे आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या फळांतली साखर मोजताना मांडलेला. पण त्यालाही तापमान नोंदवलेले स्कॅन लागतातच. शेवटी 33 अंशांसारख्या मधल्या तापमानाला नवा माल तपासा.

काट्यावर रोजच्या कामातही आधी प्रोब, मग स्कॅन. दाणा 40 च्या वर असेल तर पिशवी बंद ठेवून सावलीत थांबा. पसरून गार करू नका, ओलावा उडेल.